मागचा टायर एकाच अंगाला का झिजतो

एकटं फिरता का दोघं?

दुकानात कुणी जुनी गाडी घेऊन आलं की मी आधी हे विचारतो. लोकांना वाटतं म्हातारा चौकशा करतोय. एकदा एक मास्तर रागावले. म्हणाले, "माझ्या घरच्या गोष्टी तुम्हाला कशाला पाहिजेत?" मला त्यांच्या घराशी काय करायचंय? मला मागच्या चाकावर वजन किती येतं ते पाहिजे. एकट्याचा टायर वेगळा, दोघांचा वेगळा. हवासुद्धा वेगळी. दोघांची हवा भरून एकटाच गेला तर गाडी खड्ड्याखड्ड्याला उडते आणि कंबर मोडते. एकट्याच्या हवेवर दोघं गेले तर टायर पसरतो, तापतो, कडेनं फाटतो. म्हणून विचारायचं.

जन्मभर हा सवाल मी दुसऱ्यांना विचारला. मला कुणी विचारला तेव्हा उत्तर आलं नाही. अजून येत नाही. दिवाळी अंकवाले साहेब म्हणाले, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा. डोक्यात हेच होतं, म्हणून हेच लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत. जोडाक्षरं चुकतील, ती छापणाऱ्यानं बघावीत.

माझं दुकान कराडात. नव्या गाड्यांचे टायर आता कुणीही विकतं. मी जुन्या मोटरसायकलींचं बघतो. जुन्या बुलेट, त्या दोन सायलेन्सरच्या फटफट्या, आजोबांनी गोठ्यात लावून ठेवलेल्या आणि नातवांनी आता बाहेर काढलेल्या. ज्या सीटवर कोंबड्या बसायच्या तिथं बसून पोरं फोटो काढतात. काढू देत. इंजिनाचं कसंही जमतं, रंगाचं जमतं, शेवटी अडतं टायरापाशी.

कारण जुन्या गाडीचं माप इंचात. सव्वातीन एकोणीस, साडेतीन एकोणीस असं आम्ही म्हणतो. पहिला आकडा टायर किती रुंद ते सांगतो, दुसरा रिम केवढी ते. नव्या टायरांचं माप मिलिमीटरात, त्यात मधे तिरकी रेघ आणि पुढं आणखी एक आकडा. ह्यातलं त्यात बसवायचं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं. बटणं लागतात, पण हात वर केला की काखेत उसवतो. टायर रिमवर चढला म्हणजे झालं असं नाही. मडगार्डाला आतून घासतो का, चेनच्या पत्र्याला लागतो का, वळणावर गाडी ढकलल्यासारखी होते का, हे गाडी फिरवल्याशिवाय मलाही सांगता येत नाही. मीही चुकलोय. टायर चढवून परत काढलेत.

इस्लामपूरकडच्या एका ऊसवाल्याच्या पोराला आजोबाच्या गाडीवरनं वरात काढायची होती. गाडी भारदस्त दिसावी म्हणून त्यानं मागं जाडजूड टायर मागवला, ऑनलाइन. तो काही आत जाईना. मग हवा काढून, दाबून, दोघा-तिघांनी लाथा घालून मडगार्डाखाली कोंबला आणि वर हवा भरली. टायर फुगला आणि दोन्हीकडच्या पत्र्यात असा रुतला की चाक पुढंही जाईना, मागंही येईना. गाडी टेम्पोत घालून माझ्याकडं आणली. बरोबर नवरदेव, डोक्याला बाशिंग.

"मामा, कायबी करा. बँजोवालं वाजवाय लागल्यात तिकडं."

म्हटलं, "लगीन टायरासंगं हाय का पोरीसंगं? पायी जा."

पोराचं तोंड एवढंसं झालं. मग मी निम्मी हवा सोडली आणि बजावलं, माणसाच्या चालीनं जायचं, गिअर बदलायचा नाही. वरात निघाली तशीच. महिन्याभरानं दोघं नवराबायको आले, बारीक टायर टाकून घ्यायला. ती पोरगी म्हणाली, "मामा, मी मागं बसल्या बसल्या म्हनलं, हवा कमी हाय. तर हे म्हनत्यात, फॅशन हाय ती."

मी माझा नेहमीचा सवाल केला, एकटं का दोघं. नवऱ्याच्या आधी तीच बोलली, "आता दोघं, मामा. तसाच द्या."

आवडली मला पोरगी.

दुसरे एक सुभेदार होते, साताऱ्याकडचे. पलटणीतनं आल्यावर त्यांनी बुलेट घेतली होती आणि तेव्हाच एक जादा टायर घेऊन माळ्यावर टांगून ठेवला होता. हीच नक्षी पुढं मिळायची नाही म्हणून. गाडीचे टायर गोटा झाले, म्हणजे नक्षी जाऊन गुळगुळीत झाले, तेव्हा त्यांनी तो खाली काढला. पुसून, धोतराच्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडं आणला.

"हा चढीव."

मी अंगठ्याचं नख दाबलं. चांगल्या रबरात नख दाबलं की खळी पडते आणि परत भरून येते. ह्याच्यात खळीच पडेना. पाट्यावर नख लावल्यागत.

"आबा, ह्यो लावायचा न्हाई. मेलाय."

"मेलाय? एकदाबी रस्त्याला लागला न्हाई, नवाकोरा हाय. पाव्हण्यागत सांबाळलाय मी त्येला!"

"म्हणूनच मेला. टायर बैलागत आसतोय आबा. निस्ता दावणीला बांधून घातला की पाय आखडत्यात."

"तू मला शिकवू नगंस. लय टायर बगितल्यात मी."

मी चढवला नाही. ते तणतणत गेले आणि दुसरीकडनं चढवून घेतला. दसऱ्याला आपट्याची पानं आणायला गाडी काढली, तर टायर कडेनं उभा फाटला. पडले नाहीत, पण गाडी ढकलत घरी आले. चार दिवसांनी माझ्या दुकानात येऊन बाकड्यावर बसले. मग म्हणाले, "मेला हुता व्हय रं त्यो?"

"व्हय आबा."

"मग दिसत का न्हवतं?"

रबर मेलेलं वरनं दिसत नाही. नक्षी तशीच असते, काळेपणा तसाच असतो. नख लावावं तेव्हा कळतं.

आता टायर वाचायची गोष्ट सांगतो. धंद्यात मुरल्यावर मला ही खोड लागली. मागचा टायर कसा झिजलाय त्यावरनं मी सांगायचो, गाडी कोण चालवतं आणि मागं कोण बसतं. साडी नेसलेली बाई गाडीवर एका अंगाला बसते, दोन्ही पाय डावीकडं सोडून. तिचं वजन डावीकडं पडतं. मग चालवणारा आपसूक उजवीकडं झुकतो आणि गाडीही थोडी उजवीकडं कलती धरतो. डाव्या हातात पाण्याची बादली घेतली की माणूस उजवीकडं वाकतो ना, तसंच. त्यामुळं अशा गाडीचा मागचा टायर उजव्या अंगाला जास्त झिजतो. हे माझं म्हणणं. चारचौघांत मी ते लय ऐटीत सांगायचो.

एकदा एका तरण्या गड्याचा टायर बघितला. उजवी कड साफ. म्हटलं, "वहिनी साडीच नेसत्यात वाटतं?"

तो म्हणाला, "मामा, माझं लगीन कुठं झालंय? डाव्या अंगाला दुधाची किटली अडकीवतोय मी."

शेजारी बसलेला दस्तगीर आठवडाभर हसत होता. ज्याला त्याला सांगायचा, "अण्णांनी म्हशीला वहिनी केली!"

हा दस्तगीर म्हणजे माझा शेजारी. चाकाचे आरे ओढून वाकडी रिम सरळ करणं हे त्याचं काम, त्याच्या बापापासनं चालत आलेलं. माझ्याएवढाच म्हातारा. मी टायर काढायचा, त्यानं चाक सरळ करायचं, मी परत टायर चढवायचा. एका चाकावर दोन घरं चालली आमची. पण टायर उजवीकडंच का झिजतो, ह्यावर त्याचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डाव्या बाजूनं चालतो, म्हणून टायरची उजवी कड रस्त्याला जास्त लागते. "सगळ्या दुनियेचा टायर उजवीकडंच झिजतोय अण्णा. त्येला मागं बायकू कशाला पायजे?"

तिसरं मत शालनचं.

शालन माझी बायको. दुपारी भाकरी घेऊन दुकानात यायची, मग चार वाजेपर्यंत तिथंच. ट्यूब टायरला चिकटू नये म्हणून आत पावडर टाकतात, ते काम तिनं आपल्याकडं घेतलं होतं. मी टाकली तर म्हणायची, "निम्मी भुईवरच सांडतायसा." कोपरापर्यंत हात पांढरे, बांगड्या पांढऱ्या. मी आणि दस्तगीर वाद घालायला लागलो की ती मान वर न करता बोलायची.

"टायर बी सरळ हाय आन् रस्ता बी सरळ हाय. आवं, तुमीच वाकडं बसताय."

"मी? मी कसा वाकडा बसतोय?"

"मला दिसतंय न्हवं मागनं. निस्ती पाठ बगून बगून डोळं दुखाया लागलं माझं."

ह्यावर दस्तगीर हसायचा, मी चिडायचो. असं किती वर्षं चाललं ते सांगता येत नाही. निकाल लागला नाही.

आमची स्वतःची बुलेट आहे, जुनी, उजव्या पायात गिअरवाली. मागं डाव्या अंगाला साडी चाकात जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी आणि पाय ठेवायला फळी. शालनचं माहेर म्हसवड. मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ असतो, त्याला आम्ही दर साली गाडीवरनं जायचो. एसटीत तिला मळमळायचं. मांडीवर जोगेश्वरीच्या ओटीची पिशवी घेऊन ती एका अंगाला बसायची आणि कराडपासनं म्हसवडपर्यंत मला गाडी कशी चालवायची ते सांगायची. तिनं स्वतः कधी सायकलही चालवली नाही.

मग तिच्या किडन्या गेल्या. सांगलीला नेत होतो, आठवड्याला दोनदा, भाड्याची गाडी करून. त्या साली रथाला जाणं झालं नाही. ओटीचा खण तिनं आधीच घेऊन ठेवला होता. म्हणाली, "ह्या साली ऱ्हाऊ द्या. पुढच्या साली जाऊ. पर गाडीवरनंच जायाचं बरं का. जीपमदी घालून न्हेऊ नगा मला."

मी हो म्हटलं. ती पुढच्या भाद्रपदात गेली.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. घरात मला काही सापडत नाही. मीठ कुठल्या डब्यात आणि पिठीसाखर कुठल्या, हे मी अजून चाखून बघतो. मुलगा पुण्याला आहे, तो म्हणाला, इकडं या. तिथं जाऊन मी काय करू? तिथल्या गाड्या सगळ्या नव्या. वर्षश्राद्ध झालं आणि मेहुण्याचा फोन आला, "दाजी, रथ जवळ आला. ताईचा खण ऱ्हायलाय न्हवं? घेऊन या." मुलगा म्हणाला, एसटीनं जा आणि गाडी विकून टाका. मेहुणा म्हणाला, जीप पाठवतो. दस्तगीर म्हणाला, टायर बदला आणि गाडीवरनं जा. सगळ्यांना काय करायचं ते माहीत होतं.

टायर बदलायला पाहिजे हे मलाही माहीत होतं. शालन आजारी पडल्यापासनं गाडी शेडात उभी होती. पुढचा टायर ठीक होता, मागच्याला कडेनं बारीक भेगा. दुसऱ्याच्या गाडीला असा टायर दिसला असता तर मी त्याला दुकानाबाहेर जाऊ दिलं नसतं. पण त्या टायरची उजवी कड झिजलेली होती. डावीकडं नक्षी आणि उजवीकडं गुळगुळीत. ती तिची झीज. माझ्या हिशेबानं तरी तिचीच. एवढं वजन ती गाडीवर टाकून गेली होती, ते दुसरीकडं कुठं उरलं नव्हतं. मी पट्ट्या घेऊन शेडात जायचो. टायर रिमवरनं काढायच्या लोखंडी पट्ट्या. एक पट्टी रिमच्या कडेत घालायचो आणि परत काढायचो. जन्म गेला टायर काढण्यात, आणि हा एक निघेना. दस्तगीरचं म्हणणं खरं असेल तर ही झीज रस्त्याची. मग मी कशाला अडलोय? आणि माझं खरं असेल तर काढू कसा?

असाच एक दिवस शेडात उभा होतो, तर सुभेदार आले. पुढच्या टायरात हवा भरायला आले होते, दुकानात मी दिसलो नाही म्हणून मागं आले. माझ्या गाडीभोवती फिरले. खाली बसले, गुडघे धरत, आणि मागच्या टायरला अंगठ्याचं नख लावलं.

"ह्यो बी मेलाय रं."

"व्हय आबा."

"दिसतोय तर चांगला."

"व्हय."

ते उठले. मला वाटलं आता टोमणा मारतील, मारायचा हक्कच होता त्यांना. ते म्हणाले, "मला वाटलं मलाच तेवडं दिसत न्हाई," आणि हवा न भरताच गेले.

त्याच दिवशी टायर काढला. दस्तगीरला हाक मारली, म्हटलं तू एक कड धर. टायर उलटला तर आतनं पावडर सांडली, माझ्या मांडीवर आणि फरशीवर. ती तिनंच टाकलेली. ट्यूब तिच्याच हातची होती. मी बघत बसलो तोपर्यंत दस्तगीरनं कुंचा घेऊन फरशी झाडून काढली. मी त्याच्यावर केवढ्यांदा ओरडलो. तो कुंचा हातात घेऊन तसाच उभा. का ओरडलो मला माहीत नाही. तो रोजच झाडतो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मांडीवरली तशीच ऱ्हाऊ दे मग," आणि चहा सांगायला गेला.

मग नवा टायर निवडायचा. दुकानातले तीन काढून गाडीपुढं मांडले. एक जुन्याच नक्षीचा, कडक रबराचा. असा टायर लय टिकतो, पण ओल्या रस्त्याला घसरतो. दुसरा नव्या नक्षीचा, मऊ. रस्ता धरतो, पण लवकर झिजतो. तिसरा थोडा रुंद, पोरं मागतात तसला. दुसऱ्याला मी एका मिनिटात उचलून दिला असता. इथं मी ह्याला हात लावतोय, त्याला लावतोय. एकाला नख लावलं, परत त्यालाच लावलं.

दस्तगीर माझी नक्कल करत म्हणाला, "काय अण्णा, एकटं फिरता का दोघं?"

आणि लगेच जीभ चावली. त्याचं त्यालाच कळलं.

मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. एकटा म्हणावं तर तिची ओटी घेऊन चाललोय. दोघं म्हणावं तर कुणाला वेडा वाटेन. मी परत तिन्हींना नख लावायला लागलो. शेवटी दस्तगीरनंच मऊ रबराचा उचलला. "ह्यो घ्या. टिकाऊ घेऊन करतायसा काय? टायराच्या आधी आपुन दोगंच झिजणार हाय."

मला हसू आलं. लय दिवसांनी आलं. त्यानंच हवा भरली, एकट्याची. मी भरू दिली.

इथं एक सांगायला पाहिजे. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, साच्यातनं काढताना राहिलेले. गाडी रस्त्याला लागली की जिथं टायर टेकतो तिथले केस पहिल्याच दिवशी जातात. जिथं टेकत नाही तिथले उभे राहतात. म्हणजे नवा टायर एका फेरीतच सांगतो, गाडी कुठल्या अंगानं चालली.

रथाच्या दिवशी सकाळी निघालो. खण-नारळाची पिशवी गळ्यात. दस्तगीर त्याची स्कूटर घेऊन मागं. म्हटलं, तू कशाला? म्हणाला, "विट्याला काम हाय." विटा मागं गेलं तरी तो मागं होताच. मायणीला चहाला थांबलो. तो स्कूटर लावून माझ्याकडं विचित्र बघायला लागला.

"अण्णा, तुमी कसं बसताय?"

"कसं म्हंजे? बसल्यागत बसतोय."

"न्हाई. तुमी उजवीकडं झुकताय, आन् गाडी डावीकडं कलतीया. कराडपासनं बगतोय मी. डाव्या अंगाला कोन बसलंय तुमच्या?"

मी खाली बसलो आणि चाक बघितलं. मधले केस गेलेले, ते जाणारच. डाव्या कडेचे गेलेले. उजव्या कडेचे सगळे जागच्या जागी उभे, दुकानातनं आणल्यासारखे.

जुना टायर उजवीकडं झिजायचा. हा डावीकडं. गाडी तीच, रस्ता तोच.

दस्तगीरही खाली बसला. बराच वेळ बोट फिरवत बघत होता. त्याचं रस्त्याचं म्हणणं तिथंच निकालात निघालं होतं, पण तो तसं बोलला नाही. म्हणाला, "बादली खाली ठिवली अण्णा, पर मानूस आजून तसाच वाकडा चाललाय. तुमी उजवीकडं झुकताय, डावीकडं वजन न्हाई, मग बिचारी गाडीच डावीकडं पडून तोल धरतीया."

"म्हंजे शालन म्हणायची त्येच खरं? मीच वाकडा बसतोय?"

"व्हय."

"आन् मी म्हणायचो त्ये? ती एका अंगाला बसायची म्हणून?"

"त्ये बी खरंच म्हनायचं."

"मग जुन्या टायरावरली झीज कुणाची? तिची का माझी?"

"आता मला काय ठावं," तो म्हणाला. उठून त्यानं तळहातानं वारा अजमावला. "वारं बी आडवंच हाय आज. एका फेरीवरनं काय सांगायचं."

चहा गार झाला होता. तो तसाच प्यायलो.

म्हसवडला गर्दी होती, गुलाल-खोबरं उधळलेलं, सगळं नेहमीसारखं. मेहुण्याच्या बायकोनं ओटी घेतली आणि देवीला घातली. मी लांब उभा राहिलो. मी काय मागायचं? जिच्यासाठी मागायचो ती गेली होती. मागं मी काय मागायचो तेही आठवेना. मला वाटतं मी काही मागतच नव्हतो. ती आत जायची आणि मी बाहेर गाडीपाशी थांबायचो.

निघताना मेहुण्यानं बाजरीची पिशवी आणली, भरून, तोंड सुतळीनं शिवलेली.

मी म्हटलं, "ही कशाला? मी एकटा मानूस, किती खाणार?"

त्याची बायको दारातनं बोलली, "दाजी, ताईची पिशवी हितनं रिकामी कवा गेलीया? न्ह्या गप."

दर साली परतताना ती पिशवी शालन मांडीवर घ्यायची. आता ती ठेवायची कुठं? मेहुणा टाकीवर ठेवत होता, हँडल अडायला लागलं. दस्तगीर म्हणाला स्कूटरवर घेतो. मी म्हटलं, नको. साडीच्या जाळीला, डाव्या अंगाला, तिच्या पाय ठेवायच्या फळीवर टेकवून बांधली. दोन गाठी मारल्या.

गावाबाहेर पडलो आणि मला चमत्कारिक वाटायला लागलं. काय वेगळं झालंय ते कळेना. इंजिन तेच, आवाज तोच. मायणीच्या अलीकडं दस्तगीरनं स्कूटर बाजूला आणली आणि वाऱ्यात ओरडला, "अण्णा! आता सरळ चाललीया!"

मी मान हलवली. मागं वळून बघितलं नाही. इतकी वर्षं वळून बघितलं की ती ओरडायची, "फुडं बगा!"

ती बाजरी संपून गेली. जुना टायर अजून शेडात आहे. दस्तगीर म्हणतो, मेलेलं रबर घरात ठेवू नये. मी हो म्हणतो आणि ठेवतो. सरळ बसायला शिका असंही तो म्हणतो. मी गल्लीतल्या गल्लीत दोनदा प्रयत्न केला. सरळ बसलो की मला पडल्यासारखं होतं. त्यापेक्षा पट्ट्या-पाने पिशवीत घालून डावीकडं अडकवतो, तेवढं वजन पुरतं. आणि हवा मी दोघांचीच भरतो. खड्ड्यात गाडी उडते, कंबर दुखते. दुखू दे.

ह्या मार्गशीर्षात परत जायचं आहे. मेहुण्यानं बाजरीची पिशवी धुऊन आणायला सांगितलंय.

गिऱ्हाईक आलं की मी अजून तेच विचारतो, एकटं फिरता का दोघं. परवा एक पोरगं उलट मलाच म्हणालं, "मामा, आन् तुमी?"

मी म्हटलं, "आदी तुजं सांग."